सांगलीपर्यंतचं बिऱ्हाड

"सांगलीपर्यंत टिकली तरी लय झालं म्हनायचं."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या काकूंना सांगत होत्या. दोघी गाडीच्या पत्र्याला टेकून उभ्या होत्या आणि मी पत्र्याच्या आतल्या बाजूला, लोणच्याची बरणी कुठे ठेवावी या विचारात बसले होते. आवाज इतका जवळून आला की बरणीच बोलली असं वाटलं.

"आवं, विंग्रजी शाळंत शिकल्याली पोर ती," काकू म्हणाल्या. "तिला खाट लागती, टेबल लागतं."

"मग केलंय की बापूनं टेबल. खाट बी केलीया. पन बाईमानसानं रस्त्यावर संसार करायचा म्हंजे काय हो? देव कुठं मांडायचं? पापड कुठं वाळत घालायचं?" मग आवाज जरा मऊ करून त्या म्हणाल्या, "वाईट न्हाई पोर. बोलत न्हाई एवढंच. एकवेळ भिताड बोलंल, पन ही न्हाई."

मी बरणी टोपलीत गवताच्या घडीवर बसवली आणि बाहेर येऊन दोघींच्या पाया पडले. आत्याबाईंनी माझ्या ओच्यात दोन नारळ घातले आणि उगीचच गाडीच्या चाकाला हळदकुंकू लावलं.

परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, घर घेऊन प्रवास करणं म्हणजे नक्की काय? घोडागाडीतून जातो तसं की आगगाडीतून जातो तसं? दोन्हीही नाही. म्हणून आधी गाडीबद्दल सांगते.

लढाई संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या विकायला काढल्या, त्यांतली ही एक अँब्युलन्स. हे, म्हणजे घरचे ज्यांना बापू म्हणतात ते माझे यजमान, लढाईत लष्करी वर्कशॉपमध्ये होते. सुटून आल्यावर त्यांना एका कंपनीचं काम मिळालं. विहिरींवर आणि नदीकाठी बसवलेली ऑइल इंजिनं दुरुस्त करायची, तीही गावोगाव फिरून, दिवाळी झाली की निघायचं ते पाऊस सुरू व्हायच्या आत परतायचं. आठ महिने धर्मशाळेत आणि लोकांच्या ओसरीवर काढण्यापेक्षा घरच बरोबर न्यावं, असं ह्यांच्या मनात आलं. आमचं लग्न नुकतंच झालं होतं.

घरच्यांना ते वेडेपण वाटलं. सांगलीला ह्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, हळदीचे अडते आहेत. त्यांनी निरोप पाठवला: गाडी मला दे, माल वाहायला होईल, तू पेढीवर बस, माडीवरची खोली रिकामी आहे. शेवटी असं ठरलं की वाटेतली इंजिनं करत एकदा सांगलीपर्यंत जाऊन बघावं. सूनबाईला जमलं तर पुढे आठ महिने. नाही जमलं तर गाडी दाजींना. हे सगळं माझ्यासमोरच ठरलं. मी भाकरी वाढत होते.

गाडीची मांडणी ह्यांनी स्वतः आखली होती. उजव्या हाताला स्ट्रेचर अडकवायच्या खिट्यांवर दोन फळ्या, एकीवर एक, आगगाडीतल्या बर्थसारख्या. खालच्या फळीखाली अवजारांच्या पेट्या. डाव्या हाताला पत्रा मढवलेली उंच फळी, तिच्यावर स्टोव्ह. मधोमध भिंतीला बिजागरीनं जोडलेलं टेबल, पाय मोडले की भिंतीला चिकटून उभं राहणारं, आणि दोन घडीच्या खुर्च्या. टपावर काळा रंग दिलेलं पाण्याचं पिंप. दिवसभर उन्हात चालल्यावर संध्याकाळी त्याच्या तोटीतून छान कोमट पाणी यायचं. आणि सगळ्यांत मला आवडलेली गोष्ट म्हणजे मागची दोन दारं. ती सताड उघडून मध्ये ताडपत्रीचा पडदा सोडला की न्हाणी तयार व्हायची. ह्यांनी एका बाईच्या लाजेचा इतका बारीक विचार केला होता, आणि मी त्याबद्दल त्यांना एक शब्द बोलले नव्हते.

रहिमतपूर

कोरेगावच्या पुढे एका खड्ड्यात तिखटाचा डबा फळीवरून उडाला. गाडी थांबवून आम्ही दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभं राहून शिंकत होतो. उसाची गाडी घेऊन चाललेला एक म्हातारा गाडीवान बैल थांबवून आमच्याकडे बघत राहिला.

"काय सायेब, भांडलासा व्हय?" त्यानं विचारलं. दोघांचेही डोळे पाण्यानं भरलेले, नाकं लाल. ह्यांनी नकारार्थी मान हलवली, पण शिंकेमुळे ती होकारासारखी हलली. "व्हतंय, व्हतंय," म्हातारा म्हणाला, "नवं हाय तवर व्हतंय," आणि त्यानं बैल हाकले.

रहिमतपूरच्या बाहेर एका मळ्यात आमचा पहिला मुक्काम पडला. मळेवाल्यांचं इंजिन दोन दिवस धाप लागल्यासारखं चालत होतं. हे बांधावरूनच कान देऊन उभे राहिले, लहान मुलाचं रडणं ऐकून आई ओळखते तसे, आणि मग बाह्या सरसावून खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी घरी कधी पाहिला नव्हता. असा माणूस पेढीवर गादीला टेकून कसा बसेल, हे मला तेव्हाच कळेनासं झालं.

मळेवालीण मला हुरड्याला घेऊन गेली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं ती तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून हिरवे, गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकायची. बरोबर लसणाची चटणी आणि दही. आमच्या पाचगणीच्या वसतिगृहात सकाळी ओटची लापशी मिळे. नऊ वर्षं मी ती खाल्ली आणि नऊ वर्षं तीतल्या गुठळ्या रुमालात लपवल्या. हुरडा खाताना मला प्रथमच वाटलं की सकाळच्या खाण्यातही मजा असते.

स्वयंपाक मात्र जमेना. स्टोव्हची फळी माझ्या छातीशी येत होती. भाकरी मी लग्नानंतर आत्याबाईंकडून शिकले, ती जमिनीवर परात घेऊन, अंगाचा भार देऊन. उभ्यानं थापायला गेले तर परात फळीवरून पळू लागली. एका हातानं परात धरून दुसऱ्या हातानं थापलेली भाकरी कृष्णेच्या पात्रासारखी वळणं घेत गेली. ती टेबलावर ठेवली. आम्ही खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. गुडघे गुडघ्यांना लागत होते, म्हणून दोघंही तिरके बसलो होतो. मी भातासाठी चमचा घेतला, कारण टेबल होतं. हे ताठ बसून जेवत होते, फोटो काढायला बसतात तसे.

"बरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

मायणीच्या अलीकडे

औंधावरून पुढे गेल्यावर ऊस मागे राहतो. जमीन उघडी आणि तांबूस होत जाते, बाभळी ठेंगण्या होतात आणि आभाळ एकदम मोठं वाटायला लागतं. सातारच्या बाजूला कुठेही पाहिलं तरी मध्ये डोंगर येतो. इथे नजर अडतच नाही. मला त्या मोकळेपणाची आधी भीती वाटली आणि मग ती कधी गेली ते कळलं नाही.

अशाच माळावर चाक बसलं. हे जॅक घेऊन खाली वाकले, तेवढ्यात पलीकडून मेंढरं आली. ढग जमिनीवर उतरल्यासारखी शेकडो मेंढरं, त्यांच्यामागे कुत्री, घोंगडी पांघरलेले पुरुष, आणि शेवटी तट्टांवर लादलेले संसार. धनगरांचा तो तळ कृष्णाकाठाकडे निघाला होता. एका तट्टाच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक मूल, इतक्या ऐटीत बसलेलं की जणू तट्टू त्याच्याच मालकीचं.

त्या तट्टाचा दोर धरलेली बाई आमच्यापाशी थांबली. तिला सगळे बायडाक्का म्हणत होते. गाडीचं दार उघडं होतं. तिनं आत डोकं घातलं, मग पाय घातला, मग ती सगळीच आत आली.

"ही गाडी म्हनायची का खोली?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"व्हय? मग हितं कोन निजतं?"

"मी."

"आन् वर?"

मी बाहेर चाकाशी वाकलेल्या ह्यांच्याकडे बोट केलं. बायडाक्कानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मग दाराशी जाऊन तिनं हाळी दिली, "आगं द्वारके, ये की हिकडं! नवरा माळ्यावर आन् बायकू तळघरात!"

दोन-तीन बायका धावत आल्या आणि पोट धरून हसल्या. माझे कान तापले. बाहेर जॅकचा आवाज थांबला होता, म्हणजे ह्यांनीही ऐकलं होतं. ते चाकामागून बराच वेळ वर आले नाहीत.

"नवं लगीन का गं?" बायडाक्कानं विचारलं. मी मान हलवली. "मग बरुबर. पन एवढं उंच उंच कशापायी केलंय? समदं भितीला टांगल्यालं. मानूस बसनार कुठं?"

तिनं खुर्ची उघडून पाहिली, बसली, दोनदा हलली आणि उठून गाडीतच खाली मांडी घातली. तिच्या मांडीनं अर्धी गाडी भरली, पण ती बसल्यावर गाडीत प्रथमच कुणीतरी राहतं आहे असं दिसलं.

मी अनोळखी माणसांना प्रश्न विचारत नाही. शाळेत ते असभ्य समजत आणि पुढे ती सवयच झाली. पण तिला विचारलं, "रोज घर मोडायचं आणि रोज मांडायचं, रडू येत नाही?"

"रडायला टायम कुठं गावतो बाई," ती म्हणाली, "कोंबड्या पळत्यात."

तिनं मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. दाट, धुरकट, गुळाचा. पहिला घोट घशात अडकला आणि तिसऱ्याला मी आणखी मागितला. मग तिला हॉर्न वाजवायचा होता. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. तिनं रबरी फुगा दोन्ही हातांनी दाबला, आणि शेकडो मेंढरं एकदम दाही दिशांना उधळली. कुत्री भुंकायला लागली, ह्यांच्या हातातला नट घरंगळत बाभळीखाली गेला.

"बायडे!" तळातला एक म्हातारा ओरडला, "आगं मेंढरं उधळलीस की गं भवाने!"

"एकदाच दाबलं आवं!" ती ओरडली, आणि पुन्हा एकदा दाबलं.

विटा

विट्याच्या वाटेवर एका ओढ्यात गाडी अशी आपटली की टेबलाची बिजागरी निखळली. संध्याकाळी मुक्कामाला थांबलो तेव्हा टेबल एका पायावर लोंबत होतं. उघडताना ते माझ्या गुडघ्यावर आलं.

"लागलं का?"

"नाही," मी म्हटलं. लागलं होतं, आणि ते तोंडावर दिसतही असणार.

ह्यांनी टेबल उचलून बाहेर नेऊन ठेवलं. मी गाडीतच खाली सतरंजी पसरली. पिठलं, भाकरी, कांद्याची पात आणि आत्याबाईंचं लोणचं मध्ये ठेवलं. हे मांडी घालून बसले आणि त्यांच्या तोंडून इतका मोठा सुस्कारा निघाला की मी दचकले. त्यांनी कांदा मुठीनं फोडला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला हात घालताना माझ्याकडे पाहून जरा ओशाळले.

"खरं सांगू? त्या खुर्चीत घास उतरत नव्हता. लष्करात मेसमध्ये बसलो तेवढं पुरे झालं."

"मग टेबल..."

"तुला सवय ना. पाचगणीत राहिलेली तू. म्हटलं, खाली बसायची वेळ यायला नको तुझ्यावर. एका विलायती मासिकात चित्र होतं, त्यावरनं केलं सगळं. स्टोव्हची उंचीसुद्धा."

मी पानाकडे बघत होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची सोसली होती आणि मी त्यांच्यासाठी चमचा. शाळेत आम्ही लांबलचक टेबलाशी रांगेनं बसायचो आणि जेवताना बोलायची मनाई असायची. सुट्टीत वडिलांकडे जायचे तर ते रेल्वेच्या बंगल्यात टेबलाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला; दर दोन वर्षांनी बंगला बदलायचा, टेबल तसंच. एकदाच, एका मे महिन्यात, मावशीकडे गेले होते. तिथे सगळी मुलं ओळीनं पाटावर बसायची, पुढे रांगोळी असायची, आणि मावशी पाठीमागून येऊन पानात तूप वाढताना डोक्यावरून हात फिरवायची. मला घर म्हटलं की अजून तो पाट आठवतो. हे सगळं त्या क्षणी सांगता आलं असतं. पण माझं असं होतं की वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, मग ते ऐकायला कसं वाटेल याचा विचार सुरू होतो, आणि तोवर समोरचा माणूस उठून हात धुवायला गेलेला असतो.

हे उठले नाहीत. त्यांनी सरळच विचारलं.

"जमेल का तुला हे? आठ महिने. खरं सांग. मला राग येणार नाही."

मला वेळ हवा होता. उत्तर नीट जुळवून, एकदाच, चांगलं द्यायचं होतं. म्हणून मी विचारलं, "सांगली किती लांब आहे?"

त्यांचा हात पानावर थांबला. "उद्या पोचू," ते म्हणाले. मग त्यांनी दोघांचीही ताटं उचलली आणि ती स्वतःच घासायला घेतली. सकाळी पाहिलं तर टेबल बिजागरी बदलून पुन्हा भिंतीवर होतं.

सांगली

तासगाव ओलांडल्यावर पुन्हा ऊस लागला, गुऱ्हाळांचा गोड धूर लागला, आणि मग सांगलीचा वास आला. मी वास म्हणते, कारण हळदीच्या बाजारात शिरताना डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. पोती पिवळी, तराजू पिवळे, हमालांच्या भुवया पिवळ्या. एक पांढरी गाय उभी होती, तीही पोटापर्यंत पिवळी. आमच्याकडे हळद मिसळणाच्या डब्यात, चमच्यानं जपून घ्यायची वस्तू. इथे ती लोक खोऱ्यानं ओढत होते.

अक्कांनी, म्हणजे ह्यांच्या बहिणीनं, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आलीस बाई एकदाची! किती वाळलीस गं! ह्या बापूला काय, लोखंड खाऊन राहील. तू आधी गरम पाण्यानं न्हा." माझ्या हातावरचे स्टोव्हचे चटके पाहून त्यांनी चुकचुकत भावाकडे असं पाहिलं की ते मान खाली घालून पायरीवरच बसले. जेवायला गुळाच्या पोळ्या होत्या, वर कढवलेलं तूप. माझं पान रिकामं झालंच नाही. दाजी मोठे आवाजी, मायाळू गृहस्थ. "सूनबाई, लाजायचं न्हाई, आपलंच घर हाय," असं ते दर पोळीला म्हणत होते. मी दर पोळीला मान हलवत होते.

माडीवरची खोली चांगली होती. खिडकीतून बाजार दिसायचा. सकाळी उठले तेव्हा गादीखाली फळी वाजली नाही, टपावर पाणी डचमळलं नाही, आणि मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. हे आणि दाजी पेढीवर गेले होते. मी अक्कांना विचारून मागच्या अंगणात गेले. तिथे गोदामाच्या सावलीत गाडी उभी होती.

विट्यापासून मी मनात जे जुळवत होते ते शब्द नव्हतेच, हे मला गाडीत पाय ठेवल्यावर कळलं. मी ह्यांच्या पेटीतून पेचकस काढला आणि टेबलाच्या बिजागरीचे स्क्रू सोडवायला लागले. दोन सहज निघाले, तिसऱ्यानं माझी सालपटं काढली. टेबलाची फळी सुटल्यावर दोन पेट्या डाव्या भिंतीशी ओढल्या आणि ती त्यांच्यावर आडवी ठेवली. पीठ-मिठाचे डबे तिच्यावर नीट बसले. डबे उडू नयेत म्हणून जुन्या पातळाच्या चुंबळी करून प्रत्येकाखाली एक बसवली. वडिलांच्या सलूनमध्ये, म्हणजे रेल्वेनं साहेबांना फिरतीला दिलेल्या खास डब्यात, पेले असेच कड्यांत बसवलेले असायचे. स्टोव्ह फळीवरून उतरवून दाराजवळ खाली ठेवला, त्याला दोन बाजूंनी पत्रा उभा केला, म्हणजे वारा लागणार नाही आणि परातीला जमीन मिळेल. शाळेत शिवणाच्या तासाला केलेली कप्प्यांची पिशवी माझ्या ट्रंकेत होती. ती स्टोव्हच्या जुन्या जागी भिंतीवर ठोकली. वरच्या कप्प्यांत फणी, सुया, औषधं. खालचे कप्पे ह्यांच्या नट-बोल्टांना, कारण ते कायम खिशात ठेवतात आणि कपडे धुताना माझ्या हाती लागतात. खुर्च्या गोदामात नेऊन ठेवल्या. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली. अक्कांकडून दोन पाट मागून आणले.

वरच्या फळीच्या खिट्या काढायला सगळ्यांत वेळ लागला. ती फळी मी खालच्या फळीला जोडून, पेट्यांच्या आधारानं ठेवली. दिवसा ती उभी करून ठेवता येते. एवढंच लिहिते.

अक्का चहाची भुकटी आणि गूळ घेऊन आल्या आणि आत बघून दाराशीच थबकल्या.

"हे तू केलंस?"

मी मान हलवली.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, आणि खालीच बसल्या, "मग आता कशाला जीव मारलास? गाडी आमच्या ह्यांना द्यायचं ठरलं की सकाळी. बापूनंच सांगितलं."

माझ्या हातात पेचकस होता.

"मी म्हटलं त्याला, तिला विचारलंस का? तर म्हणतो, विचारलं. म्हणतो, अक्का, ती कधी तक्रार करणार न्हाई, त्याचंच मला भ्या वाटतंय. चटके बसले तरी हो म्हनती, गुडघा फुटला तरी न्हाई म्हनती. तिच्या नुसत्या गप्प बसण्यावर मी आठ महिने कसं काढू?" अक्कांनी पदरानं डोळे टिपले. "रातभर ओसरीवर कुशी बदलत हुता. आता ते येत्यात माप घ्यायला."

त्या घरात गेल्या. मी स्टोव्ह पेटवला. काही सुचेना तेव्हा मी तेच करते. पाणी ठेवलं, गूळ फोडला. वाक्य मनात यायला लागलं, इंग्रजीत, अगदी सभ्य, कुणालाही न दुखवणारं, आणि तेवढ्यात अंगणात दाजींचा आवाज आला.

"तीस पोती तर कुठं बी गेली न्हाईत! वरच्या टपावर आनि दहा." ते आणि हे गाडीपाशी आले. दाजींनी दाराला धरलं, एक पाय वर ठेवला आणि जोर देऊन आत आले. पेढीवरून तसेच आले होते. त्यांची चप्पल सतरंजीवर पडली आणि पिवळाधमक ठसा उमटला. मग दुसरा. "ही फळी काढायची," ते हातानं भिंत चाचपत म्हणाले, "हे पिशवी-बिशवी काढायचं, ह्या पेट्या काढायच्या, मग मोकळं मैदान हाय बघ बापू."

हे खालीच उभे होते. त्यांनी आत पाहिलं. पाट पाहिले, जमिनीवरचा स्टोव्ह पाहिला, कप्प्यातले नट पाहिले, आणि मग नजर दोन फळ्यांवर गेली. दाजींचं तिसरं पाऊल दुसऱ्या पाटाशी यायला निघालं होतं.

इंग्रजीतलं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं. ते मी तसंच सोडून दिलं.

"दाजी," मी म्हटलं, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं, "चपला खाली काढा आणि मग आत येऊन बसा. चहा टाकलाय."